राहून गेलेली घंटा

दत्तोबाला विद्यापीठात नोकरी लागली हे ऐकून सरुबाईच्या माहेरी, कुरवंड्याला, बायकांनी तोंडात बोटं घातली होती. सरुबाई लेकीला कडेवर घेऊन टाकवे बुद्रुकच्या पलीकडच्या माळावर आली आणि बघते तर काय, गवताने शाकारलेल्या खोल्यांची एक लांब रांग, एक गोठा, पिंपळाखाली दगडी मारुती आणि पंचे नेसून विहिरीवर धुणं बडवणारी पोरं. फाटकावरच्या पाटीवर मोठ्या ठसठशीत अक्षरांत ‘विद्यापीठ’ लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं हे एक बरं झालं. नाहीतर तिने तिथेच विचारलं असतं, की बाबांनो, पाटी एवढी झकास केलीत, तर छपरावर चार कौलं का नाही घातलीत?

असहकाराचे दिवस होते. सरकारी शाळा सोडून आलेली पोरं आणि नोकऱ्या सोडून त्यांना शिकवायला आलेले मास्तर, असा तो मेळा होता. त्यांचे मुख्य तळेगावचे चिंतामणराव. माणूस मनाचा निर्मळ, पण उत्साहाला लगाम नाही. खोल्यांत उकडतं म्हणून उन्हाळ्यात सगळे वर्ग खाली नदीकाठच्या आंबराईत भरवायचे, ही त्यांचीच कल्पना. पोरांना ती फार आवडे, कारण कैऱ्या हाताशी येत.

माळावर संकटांना तोटा नव्हता. गोठ्यात बिबट्या शिरे, पिंपळावर आग्या मोहोळ बसे, फुरसं कुणाच्याही अंथरुणात निघे. म्हणून चिंतामणरावांनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला. पिंपळाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर हातोडीने दिलेला टोल वर्गाचा, जेवणाचा, प्रार्थनेचा. मारुतीपुढची पितळी घंटा एरवी फक्त आरतीला वाजे, पण संकट आलं की ती न थांबता वाजवायची. ती ऐकली की हातातलं काम टाकायचं, झोपला असलास तर उठायचं, आजारी असलास तर दुसऱ्याच्या खांद्यावरून यायचं, वाटेत बादली दिसली तर भरून घ्यायची आणि पिंपळाखाली येऊन आपलं नाव सांगायचं. टोल आणि घंटा, दोन्ही दत्तोबाच्या ताब्यात.

त्या घंटेचा दत्तोबाला भारी अभिमान. दर शनिवारी चिंच लावून तिला घासायचा, दोराला तेलाचं बोट फिरवायचा. कोठीघरात भाकऱ्या थापणारी सरुबाई त्याला चिडवायची, “मारुतीरायापरीस तुमचाच थाट लय दिसतोय!”

“त्येला काय, त्यो देव हाय,” दत्तोबा म्हणायचा. “पोरं राखायची ती मला.”

पोरांतही एक त्यांच्या घरचाच झाला होता. गोपाळकृष्ण त्याचं नाव, लोणावळ्याच्या अनसूयाबाईंचा एकुलता एक. नवरा गेल्यावर बाईंनी शाळेत शिकवून त्याला वाढवलं होतं. सुट्टीहून परत येताना तो दत्तोबाच्या लेकीसाठी, रतनसाठी, कागदात बांधून चिक्की आणायचा, आणि ती सगळी खाऊन होईपर्यंत रतन त्याच्या खोलीचा उंबरा सोडायची नाही.

त्या वर्षी होळी झाली आणि रतन तापाने गेली. काही कळायच्या आत गेली. सरुबाईच्या मांडीवर तेव्हा तान्हा भिमाजी होता. त्याला दूध पाजताना तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या टाळूवर पडायचं, आणि पाणी पडलं म्हणून तो हसायचा. तिला ते हसणंही सोसायचं नाही.

चिंतामणराव खोपीवर आले, दाराशीच उभे राहिले. “दत्तोबा, दहा दिवस तुम्ही मारुतीकडे फिरकू नका. घंटेकडे रखमाजी बघेल. टोलाला काही विटाळ नाही, तेवढा देत जा.” रखमाजी संस्थेचा गाडीवान. सांगणारा शिकलेला, ऐकणारा अडाणी, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या काळी कुणालाच वाटलं नसतं.

सुतक अजून फिटलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. दुपार कलली होती. वर्ग नदीकाठी भरले होते आणि रखमाजी धान्याची पोती आणायला कान्ह्याच्या स्टेशनावर गेला होता. कोठीघराच्या चुलीतली ठिणगी वाऱ्याने उडाली आणि वाळल्या गवताने पेट घेतला.

दत्तोबाने धूर बघितला आणि तो थेट मारुतीकडे धावला. त्याला ना सुतक आठवलं ना रखमाजी. त्याची बोटं दोराभोवती वळलीसुद्धा होती. तेवढ्यात सरुबाईने भिमाला काखोटीला मारून येऊन त्याचं मनगट धरलं.

“नगा! सुतक हाय!”

“सरू, सोड. आग लागलीया.”

“एक न्हेली त्यानं. ह्ये एक पदरात ऱ्हायलंय. देवाच्या घंटेला हात लावू नगा!”

“पोरं हायती, सरू!”

“पोरं समदी नदीला गेल्याती. टोल द्या, टोलानं येतील. तुमास्नी ह्या भिमाची आन हाय!”

लेकराची आण घातल्यावर बाप काय करणार? दत्तोबाने दोर सोडला आणि हातोडी उचलून टोल द्यायला सुरुवात केली. मधूनच बोंब मारायचा, पण वारा उलटा होता. आंबराईत पोरांनी टोल ऐकला आणि आज वर्ग लवकर सुटले म्हणून आनंदाने टाळ्या पिटल्या. चिंतामणरावांनी घड्याळ काढून बघितलं, “दत्तोबाचं चित्त ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं,” असं म्हणाले, आणि चाललेला श्लोक पुरा करूनच उठले. पोरं कैऱ्या खात, रेंगाळत चढण चढून वर आली. तोवर अर्धी रांग पेटली होती.

आणि शेवटच्या खोलीत गोपाळकृष्ण होता. सकाळी त्याला हिव भरलं होतं म्हणून मास्तरांनी निजून राहायला सांगितलं होतं. सुतकामुळे सरुबाई कोठीघरात जात नव्हती, नाहीतर त्याची पेज तिनेच शिजवली असती आणि तो कुठे आहे ते तिला ठाऊक असतं. त्याची हाक ऐकू आली तेव्हा दाराशी छप्पर कोसळत होतं. दत्तोबा आत शिरला. पोराला त्याने बाहेर आणलं खरं, पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत होरपळले, आणि पोराची तर बघवत नव्हती अशी दशा झाली होती.

पिंपळाखाली घोंगडीवर त्याला निजवलं. वडगावहून डॉक्टर येईपर्यंत तो शुद्धीवर होता. चिंतामणराव त्याच्या उशाशी बसून रडत होते. “बाळ, तू बाहेर का नाही रे आलास?” असं पुन्हा पुन्हा विचारत होते.

“टोल ऐकला मी, गुरुजी,” तो म्हणाला. “पण मला वर्गाची सुट्टी होती ना.”

सरुबाई पलीकडे, सुतकामुळे सगळ्यांपासून लांब उभी होती. तिने ते शब्द ऐकले. दिवेलागणीच्या आत पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई लोणावळ्याहून आल्या. त्या रडत नव्हत्या. पिंपळाखाली उभ्या राहून त्यांनी घंटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, “त्याने मला नियम लिहून कळवला होता. मला एवढंच सांगा, घंटा का वाजली नाही?”

“बाई, मीच दत्तोबाला...” चिंतामणराव बोलू लागले. दत्तोबाने चिंध्या गुंडाळलेला हात वर करून त्यांना थांबवलं.

“मास्तरांचा काय दोष न्हाई. घंटा माझी व्हती. सुतक व्हतं, माझा हात धजला न्हाई. म्या भ्यालो, बाई.”

“माझ्या मुलाच्या जिवापेक्षा तुमचं सुतक मोठं झालं?” बाईंनी विचारलं. दत्तोबाने मान खाली घातली.

सरुबाई तिथेच, चार हातांवर उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं होतं. पण काखेत भिमा होता, आणि समोरच्या बाईची कूस रिकामी झाली होती. ‘माझं वाचावं म्हणून तुमचं घालवलं,’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? भिमा चुळबुळला, तशी ती त्याला थोपटत खोपीत निघून गेली. अनसूयाबाई संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या आणि पुन्हा कधी माळावर आल्या नाहीत.

पुढे खोल्यांवर कौलं चढली. दत्तोबाच्या हातांची बोटं आखडली ती आखडलीच. चिंतामणरावांनी त्याला काढलं नाही, उलट दर महिन्याला घंटा वाजवून पोरांना पिंपळाखाली जमवायचं काम त्याच्याकडे दिलं. पोरं कुरकुरत, पाहुणे हसत. दत्तोबा मात्र प्रत्येकाचं नाव ऐकल्याशिवाय आणि नावं मोजणाऱ्या पोराने हिशेब दिल्याशिवाय जागचा हलत नसे. आणि पंचक्रोशीने त्याला नाव ठेवलं, सुतक्या. माणसं मोठी क्रूर असतात, आणि क्रूरपणा करताना त्यांना वाटतं आपण थट्टा करतो आहोत. वडगावच्या बाजारात कुणी दुकानदार खुशाल म्हणायचा, “काय सुतक्या, मिरच्या देऊ का?” आणि दत्तोबा पिशवी पुढे करायचा.

भिमा जाणता झाला तेव्हा एकदा बाजारातून आला आणि त्याने आईला विचारलं, “आये, आबा खरंच भ्यालं व्हतं का गं?”

“जेव गपगुमान,” सरुबाई म्हणाली. त्या दिवशी तिला स्वतःला घास गेला नाही.

दत्तोबाने तिला एका शब्दाने दुखवलं नाही. हेच तिला खुपायचं. त्याने शिव्या दिल्या असत्या, दोन तडाखे दिले असते, तर तिला मोकळं वाटलं असतं. ती कधी “त्या दिशी मी...” म्हणून सुरुवात करायची, तर तो म्हणायचा, “चुलीकडं बघ, धूर झालाय.” चुलीत धूर नसायचा.

एकदाच काय ते त्यांच्यात त्यावर बोलणं झालं, आणि तेही बोलून नव्हे. दत्तोबाचा भाऊ अंबाजी वारला होता, घरात सुतक होतं. भर सकाळी पोरांच्या प्रार्थनेवर आग्या माशा उठल्या. दत्तोबा धावला, दोर धरला आणि क्षणभर मागे वळून बघितलं. सरुबाई खोपीच्या दारात उभी होती. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. त्याला दिसावेत असे बांधले होते. मग घंटा अशी वाजली की टाकव्याची माणसंसुद्धा घोंगड्या घेऊन धावत आली. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण सुतक्या हे नाव काही गेलं नाही.

चव्वेचाळीसच्या थंडीत दत्तोबाची छाती भरली आणि त्यातच तो गेला. शेवटच्या दिवशी सरुबाईने त्याचे आखडलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, “अवो, मला एकदा बोलू द्या.” तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याने तिचा हात हळूच थोपटला, तान्ह्याला थोपटावं तसा.

रीतीप्रमाणे सरुबाईला कोपऱ्यात बसवलं. सोबतीला अंबाजीची बायको झुंबरबाई होती. राख सावडून माणसं परत आली त्या सकाळी सरुबाई उठली. बांगड्या फुटलेले हात पदरात न लपवता ती सरळ दाराबाहेर पडली.

“अगं, कुटं निघालीस? तुला भाईर जायचं न्हाई!” झुंबरबाई मागून ओरडली.

सरुबाई मारुतीच्या पारावर चढली. बाईमाणसाने त्या पारावर चढायचं नसतं, विधवेने तर नाहीच, आणि सुतकातल्या विधवेने चढल्याचं त्या मुलखात कुणी ऐकलंही नव्हतं. तिने दोर धरला आणि घंटा वाजवायला सुरुवात केली. न थांबता, दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून ती वाजवत राहिली.

वर्गावर्गांतून पोरं बाहेर पडली. कुणी विहिरीवरून बादल्या भरून घेतल्या, तापाने फणफणलेल्या एकाला दोघांनी खांद्यावरून आणलं. पिंपळाखाली नावांचा गजर सुरू झाला. काठी टेकत, धापा टाकत म्हातारे चिंतामणराव आले. डोई भादरलेला भिमा आला. सगळे छपरांकडे बघत होते. धूर कुठेच नव्हता.

“सरुबाई, कुठे आहे आग?” चिंतामणरावांनी विचारलं.

“आग न्हाई कुटं, मास्तर,” ती म्हणाली. दोर तिने सोडला नव्हता. “त्या दिशीची ऱ्हायली व्हती. ती वाजिवली.”

तिने भिमाकडे बघितलं.

“त्यांनी दोर धरला व्हता त्या दिशी. म्या मनगट धरलं. ह्या भिमाची आन घातली. त्ये भ्यालं न्हवतं, मास्तर. मी भ्याले व्हते. जलमभर त्यांनी माझं भ्यानं आपल्या नावावर घेतलं, आन् म्या घिऊ दिलं.” तिचा आवाज फुटला. “लोनावळ्याच्या बाईस्नी सांगा कुनीतरी. आजच्या आज सांगा.”

चिंतामणराव पाराच्या कडेवर बसले. मग ते म्हणाले, “सरुबाई, बाई गेल्या हो. दोन वर्षं झाली.”

सरुबाई तशीच उभी राहिली. भिमा पारावर चढला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. त्याने तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. खाली पोरं भरलेल्या बादल्या घेऊन ताटकळत होती. त्यांतला नावं मोजणारा पोरगा गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. पण नियम तो नियम, म्हणून शेवटी तो पुढे आला आणि दत्तोबापुढे सांगायचा तसंच त्याने सरुबाईकडे बघून सांगितलं,

“सगळे आले. मागे कुणी राहिलं नाही.”

तेव्हा कुठे तिने दोर सोडला.