डाव्या हाताची गाडी

लेम्पी हार्यु ही काही भित्री बाई नव्हती. रस्ता कुठला आणि शेत कुठलं हे कळू नये अशा बर्फात तिने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. दाराशी आलेलं अस्वल झाडू घेऊन हाकललं. पण घरामागच्या गवताच्या कोठारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या त्या मोटरसायकलच्या वाऱ्याला ती उभी राहत नसे. कोठारातून फावडं आणायचं झालं तरी भिंतीला पाठ लावून जायची आणि तशीच परत यायची. आई गेल्यावर घर, शेत, वाफेच्या अंघोळीची सौना आणि ती गाडी असं सगळंच तिच्या नावावर झालं. गाडीचं काय करावं हे न कळल्यामुळे तिने काहीच केलं नाही.

गाडी तिच्या बापाची, अर्वोची. पोलिसांनी मोडीत काढलेली त्याने उचलून आणली होती आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. लेम्पीचा थोरला भाऊ रेइनो वीस वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याला अमेरिकन लष्कराचं बोलावणं आलं, व्हिएतनामला जायचं होतं. पुढच्याच आठवड्यात, बाप खाणीवर गेलेला असताना, त्याने ती गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. तळ्याकडच्या उताराने तो सरळ गेला आणि होड्या उतरवायच्या धक्क्यावरून सरळ पाण्यात. बर्फ नुकतंच फुटलं होतं. त्या पाण्यात माणूस ओरडायच्या आत गारठतो.

मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातल्या माणसाने हे पाहिलं आणि तो सांगत सुटला, "पोराने ब्रेकला पाय लावला नाही हो." झालं. तेवढ्यावर गावाने निकाल लावून टाकला. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. आमच्या फिनिश लोकांना कॉफीच्या कपात बघत गप्प राहूनच सगळं बोलता येतं, आणि त्या बोलण्याइतकं दुष्ट दुसरं काही नाही. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी आई शेवटच्या बाकावर जाऊन बसली, ती मरेपर्यंत. बापाने गाडी तळ्यातून ओढून काढली, कोठारात उभी केली आणि त्या विषयाला कुलूप लावलं.

लेम्पी तेव्हा लहान होती. त्या सकाळी रेइनोने तिची वेणी ओढली होती. मुद्दाम मरायला निघालेला माणूस बहिणीची वेणी ओढतो का? ओढतही असेल. हाच प्रश्न तिच्या छातीवर बसून होता. लोक म्हणतात ते खरं निघालं तर, याचीच तिला भीती वाटायची. तो आपल्याला टाकून गेला असेल तर?

यंदाच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने कोठाराचं छप्पर वाकलं. आता गाडी बाहेर काढायची, नाहीतर तिथेच चिरडू द्यायची. लेम्पीने दोन दिवस चिरडू द्यायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिने आतेभावाला, उर्होला, फोन केला.

उर्हो जुने ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. एक गुडघा कामातून गेलेला, तोंड मात्र शाबूत.

"एवढी वर्षं झाकून ठेवलीस! आत भूत आहे की काय गं?"

"आहे. म्हणून तर तुला बोलावलं. तुला बघून तेच पळेल."

ताडपत्री निघाली तेव्हा लेम्पी कोठाराबाहेर पाठ करून उभी होती. वास मात्र आला, गंजाचा आणि उंदरांचा.

"उर्हो, आधी ब्रेक बघ," ती तशीच म्हणाली.

"इंजिन बघतो की आधी."

"ब्रेक बघ म्हटलं ना!"

ब्रेक तुटका निघावा म्हणून तिने हात जोडले. सळई मोडलेली असू दे, काहीही असू दे, पण मोडलेलं असू दे. उर्होने चाक सोडवलं, आतलं सगळं निरखलं, आणि बराच वेळ उगाच हात पुसत बसला.

"बोल की."

"गंजलाय. पण तुटलेलं काही नाही, लेम्पी. तेव्हा लागत असणार."

ती घरात निघून गेली. कॉफीबरोबर द्यायला निसू, वेलदोड्याचा गोड पाव, भाजलेला होता, तो कापायला घेतला. तिला वाटलं, उर्होला सांगावं, झाक परत. पण सांगायलासुद्धा कोठारापर्यंत जावं लागलं असतं, म्हणून ती पाव कापत राहिली.

उर्हो काही थांबला नाही. इंजिन जाम झालेलं असणार अशी त्याची पक्की खात्री होती, पण ते फिरलं. तळ्यातून काढल्यावर अर्वोने सगळं पाणी काढून आत काठोकाठ तेल भरून ठेवलं होतं. ज्या गाडीने पोरगा नेला तिला बापाने असं जपलं होतं आणि बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. हे ऐकून लेम्पी रडली, आणि मग बापावर भयंकर चिडली.

उन्हाळा सरेपर्यंत गाडी सुरू झाली. तिच्या आवाजाने लेम्पीच्या अंगावर काटा आला, तरी ती म्हणाली, "मला बसायचंय."

"डोकं फिरलंय का? या वयात?"

"रेइनोला हिच्यावर बसून काय दिसलं असेल ते मला बघायचंय. त्याशिवाय मला मरताही येणार नाही. मला शिकव."

उर्होने तिला गवत कापलेल्या शेतात नेलं. "नीट ऐक. वेग डाव्या मुठीत आहे. पोलिसांना उजवा हात बंदुकीला मोकळा लागायचा म्हणून असा उलटा कारभार. उजवी मूठ फिरवून वेग कमी होणार नाही. आणि आपल्या बर्फावरच्या स्नोमोबाइलसारखं हात सोडला की गप्प बसत नाही ही. मूठ जिथे ठेवशील तिथेच राहते. ब्रेक पायात. काय सांगितलं?"

"वेग डावा. हात सोडला तरी थांबत नाही. ब्रेक पायात."

"परत."

त्याने तिच्याकडून पाच-सहा वेळा वदवून घेतलं, पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं. तिने डावी मूठ जपून फिरवली आणि गाडी निघाली. क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग चाक एका खड्ड्यात आदळलं, तोल सावरताना मूठ आणखी पिळली गेली आणि गाडी उसळली.

लेम्पीने उजवा हात सोडून दिला. लहानपणापासून बर्फावर हेच केलेलं, हात सोडला की थांबतं. थांबलं नाही. तिने ती मूठ पुन्हा पकडून जिवाच्या आकांताने उलटी पिरगाळली. गाडी तश्शीच धावत होती. शेताच्या कडेची झुडपं अंगावर येत होती. उजवी मूठ, उजवी मूठ, एवढंच डोक्यात होतं, आणि मग फांद्या, आभाळ, माती.

इंजिन आपोआप बंद पडलं. लेम्पी चिखलात उताणी पडली होती. मनगट मोडलं होतं. उर्हो लंगडत, धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसा तो ओरडत होता.

"अगं बाई! पाच वेळा सांगितलं होतं ना! ब्रेक का नाही दाबलास? पायच लावला नाहीस तू ब्रेकला!"

लेम्पी कोपरावर रेलून उठली.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता काय म्हणालास ते."

उर्हो मटकन तिच्याजवळ चिखलात बसला. तिने धडक्या हाताने त्याची बाही धरली आणि ती लहान पोरीसारखी हमसाहमशी रडायला लागली.

"मला थांबायचं होतं रे, उर्हो. देवाशपथ, मला थांबायचंच होतं."