अर्धी कापलेली कामिनी

दिनकरराव गेले तेव्हा माझ्या हातात कात्री होती. श्रावणातली सकाळ, आभाळ उघडलेलं, आणि आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीलगतची कामिनी मी वरून सरळ रेषेत कापत होतो. पलीकडे आपल्या हिरवळीवर ते रोजच्यासारखे लोखंडी खुर्ची टाकून बसले होते. झुडूप उंच, त्यामुळे ते मला दिसत नव्हते, फक्त आवाज आला, "साडभाऊ, आज नका ना कापू. कळ्या धरल्या हायेत तिनं." मी म्हणालो, "तुमच्या गवताचं तुम्ही पाहा." आणि कात्री चालवत राहिलो. पलीकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं, चला, एकदा तरी यांना गप्प केलं. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू... थोड्या वेळानं त्यांची बायको निर्मला चहा घेऊन बाहेर आली आणि कप फुटल्याचा आवाज झाला. मी कात्री टाकून फाटकातून धावलो. ते खुर्चीतच होते, मान जराशी कलली होती. हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य गवताबद्दलचं होतं.

आम्ही दोघं साडू, सख्ख्या बहिणींचे नवरे. माझी कुसुम थोरली, त्यांची निर्मला धाकटी. म्हणजे मानानं मी मोठा जावई. पण सासरी पाऊल टाकलं की सासूबाई आधी माझ्या पाठीमागे पाहायच्या आणि विचारायच्या, "दिनकरराव नाही आले?" मग मला पाणी मिळायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, ते पाटबंधारे खात्यात. मी हिशेबानं बोलणारा, ते वाटेत भेटलेल्या माणसाला घरी जेवायला आणणारे. निवृत्तीनंतर बहिणींना शेजारी राहायचं होतं म्हणून पुसदच्या कडेला एका लेआउटमध्ये आम्ही लागून प्लॉट घेतले. मला कोणी विचारलं असतं तर मी दोन गल्ल्या सोडून घेतला असता. कोणी विचारलं नाही.

अंगणात काय लावायचं यावर आम्ही दोघं आठवडाभर बोललो होतो. मी सगळा विचार करून कामिनी आणली. बारा महिने हिरवी, पाणी बेताचं, गुरं तोंड लावत नाहीत, आणि वर्षातून दोनदा कापली की भिंतीसारखी नीट राहते. दिनकररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले तर बसाले गवत पाह्यजे. साडभाऊ, तुमच्या वावरातली हरळी देता काय दोन पोते?" मी हसू कसं आवरलं ते माझं मला माहीत. ही हरळी खणून काढण्यात माझ्या बापाचा जन्म गेला. कपाशीच्या तासातून कुदळीनं तिच्या मुळ्या ओढायच्या, शेताच्या कडेला धुऱ्यावर वाळवायच्या आणि जाळायच्या, एक कांडी राहिली तरी पुन्हा वावरभर. आणि हा शहाणा माणूस ती पाणी घालून लावणार. मी दोनाऐवजी तीन पोती पाठवली. म्हटलं, होऊ द्या हौस.

त्यांनी ढेकळं फोडली, जमीन सारखी केली, कांड्या वीतभर अंतरावर खोचल्या आणि दीड महिन्यात आमच्या लेआउटमध्ये कोणाकडे नाही अशी हिरवळ झाली. माझ्या वावरातला कचरा. येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा, चप्पल काढून आत जायचा. संध्याकाळी चार-सहा जण तिथं हमखास बसलेले. गणपतीच्या आधी साऱ्या गल्लीतल्या बायका दूर्वा न्यायला त्यांच्याकडे यायच्या. हरळी म्हणजेच दूर्वा, हे मला काय माहीत नव्हतं? पण ते सुचलं त्यांना. त्यासाठी भिंतीकडची एक पट्टी ते न कापता ठेवायचे. माझ्या कामिनीकडे मात्र कोणी काही मागायला आलं नाही. बरोबरच आहे, झुडपावर कोणाला बसता येतं?

आणि कुसुम... पाच वाजले की ही आपला चहाचा कप उचलायची आणि पलीकडे जायची. मी एकदा म्हटलं, "आपल्या अंगणात टाकतो ना खुर्च्या." तर म्हणाली, "इथं फरशी तापते. तुम्हीच चाला ना तिकडं. काहून नाही येत?" मी म्हणालो, मला कामं आहेत. कामं म्हणजे झुडपामागे उभं राहून त्यांचं हसणं ऐकणं. कुसुम माझ्या कोणत्या बोलण्यावर अशी हसली होती ते मी आठवून पाहायचो. मग मी कामिनी कमरेशी कापायची सोडून डोक्याएवढी वाढू दिली, म्हणजे ते दृश्य तरी दिसायला नको. वाटलं होतं त्यांना राग येईल, वारा अडला म्हणतील. तर हे भिंतीशी येऊन म्हणतात, "वाढू द्या साडभाऊ, भल्ली मस्त दिसते. इकून पाहा ना एखाद्या वक्ती." मला वाटलं, चिडवतायत. आपली हिरवळ दाखवायची आहे, दुसरं काय. मी गेलो नाही.

फक्त उन्हाळ्यात मी सुखी असायचो. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, हरळी पिवळी पडायची, मग तपकिरी, आणि बसणारे पांगायचे. माझी कामिनी तशीच हिरवीगार. मी मुद्दाम मोठ्यानं विचारायचो, "काय म्हणते लॉन?" ते शांतपणे सांगायचे, "झोपली हाये. मेली नाही." आणि मृग सरता सरता ती उठलेली असायची. अकरा वर्षं हेच. मला दर वर्षी वाटायचं, यंदा नाही उठणार.

पूस नदीवर दहावा झाला. माणसं काठावर मावेनात. खात्यातले शिपाई, कालव्यावरचे मजूर, दोन भाजीवाल्या, आणि एक म्हातारा तर झरी जामणीकडून दोन बस बदलून आला होता, कधीतरी यांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं म्हणे. कावळा लगेच शिवला. तोही त्यांचाच. मी उभ्या उभ्या मोजत होतो, माझ्या दहाव्याला यातले किती येतील. कुसुम बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मनात आलं, मी गेलो तर ही इतकी रडेल का... मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मीच एकटा असेन. लिहायलाही लाज वाटते. पण ज्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतायत त्याच्याबद्दल निदान मी तरी खरं लिहावं.

गणपतीच्या आदल्या दिवशी समोरच्या वहिनी माझ्या फाटकाशी आल्या. दर वर्षी पलीकडून दूर्वा न्यायच्या, यंदा निर्मलाला विचारायला जीव धजेना. "तुम्हीच आणून द्या ना गुरुजी, घरचेच तुम्ही." मी टोपली घेऊन गेलो. त्या हिरवळीवर मी कितीदा धावपळीत चाललो असेन त्या दिवसांत, पण तेव्हा मंडप होता, माणसं होती. बसलो असा कधीच नव्हतो. चप्पल काढली. गार लागलं. भिंतीकडच्या पट्टीत उकिडवा बसून मी कोवळ्या तीन-तीन पानांच्या दूर्वा खुडायला लागलो, तर मागे हात टेकला तिथं गवतात एक खड्डा लागला. पाहिलं तर चार. खुर्चीच्या पायांचे. अकरा वर्षं एकाच जागी टेकून तिथली हरळी गेली होती आणि माती घट्ट झाली होती.

मला नेहमी वाटायचं, ते रस्त्याकडे तोंड करून बसत असतील, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हिरवळ पाहावी म्हणून. खड्डे तसे नव्हते. मागचे दोन खोल, पुढचे उथळ, आणि रस्ता एका बाजूला राहत होता. मी ओट्यावरून ती लोखंडी खुर्ची आणली, तिचे पाय त्या खड्ड्यांत ठेवले. बरोबर बसले. मग मी बसलो.

समोर माझी कामिनी होती.

मला ती कधी अशी दिसली नव्हती. माझ्या बाजूनं दिसतात ते खोडं, वाळक्या काड्या, आळ्यातला चिखल. ऊन त्यांच्याकडून येतं, म्हणून झाडानं सगळा पाला तिकडेच धरला होता, भिंतीच्या काठापासून शेंड्यापर्यंत, दाट आणि चकचकीत. डावीकडून निम्मी मी त्या सकाळी कापलेली, सरळ रेघेत. जिथं कात्री थांबली तिथून पुढे पांढऱ्या फुलांनी नुसती लगडलेली. इतकी वर्षं मी तिला कळ्यांतच छाटत आलो होतो. वास भिंत ओलांडून इकडेच येत होता, आणि खाली हरळीवर सडा पडला होता.

कुसुम कप घेऊन फाटकातून आली आणि मला त्या खुर्चीत पाहून थबकली. "तुम्ही इथं?"

"दूर्वा खुडतो," मी म्हणालो.

ती जवळ येऊन गवतावर बसली आणि तीही तिकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "ते रोज म्हणत, साडभाऊचा हात हाये झाडाले."

मला रडू आलं. कुसुमनं पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याही वेळी मला त्यांचा हेवाच वाटला. झाड माझं, पाणी मी घातलं, आणि अकरा वर्षं ते पाहिलं मात्र त्यांनी.