वडिलांच्या मृत्यूचे कारण

माझी नोकरी संशय घेण्याची आहे. लोअर परळच्या एका विमा कंपनीत गेली सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतो. सिगारेट ओढता का, दारू घेता का, वजन किती, साखर आहे का, आईवडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूचे कारण काय. त्या शेवटच्या रकान्यात लोक वाटेल ते लिहितात. कारण 'वृद्धापकाळ' आणि शेजारी वय पंचेचाळीस! मी लाल पेनाने गोल करतो आणि अर्ज परत पाठवतो. लपवणारा माणूस मला अक्षरावरून कळतो, असं मी ऑफिसात ऐटीत सांगायचो.

त्याच मला गेल्या वर्षी गणपतीनंतर संडासात रक्त दिसलं, आणि मी ते तीन महिने लपवलं.

लपवायला काही लागत नाही, फक्त फ्लश ओढायचा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रविवारच्या मटणावर खापर फोडलं, दुसऱ्यांदा ठेच्यावर. मग आमच्या घरातलं कायमचं निदान केलं: उष्णता. आमच्याकडे तोंड आलं, डोळे चुरचुरले, घोळणा फुटला, सगळ्याला एकच नाव. आणि खालून रक्त पडलं तर मूळव्याध. ती तर आमच्या घराण्यातच आहे असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. काकांना होती, बाबांना होती. उपायही घरातलाच, सुरण. मी दादरच्या मंडईतून सुरण आणायला लागलो. चिरून चिरून बायकोचे हात खाजायला लागले.

"एकदम सुरणाचं एवढं प्रेम कुठून आलं तुला?" तिने विचारलं.

"फायबर असतं," मी म्हटलं. तोवर माझ्या ताटातली कोशिंबीर केवळ शोभेला असायची.

भाऊबीजेला माटुंग्याला ताईकडे गेलो होतो. माझी ही एकच बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ओवाळून झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की तिलाही अधूनमधून रक्त पडतं. मला भलताच धीर आला. म्हणजे खरंच घराण्यातलं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी तिला सुरण खायला सांगितलं, आणि वर दोन दिवसांनी तीन किलोचा गड्डा तिच्या घरी नेऊन टाकला. केवढा दिलदार भाऊ!

डिसेंबरात एकदा फ्लशला पाणी आलं नाही आणि बायकोने पाहिलं. ती ओरडली नाही. तिने दुपारची वेळ घेतली आणि मला परळला पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. ती जे विचारत गेली ते मला तोंडपाठ होतं, कारण तो जवळजवळ माझाच अर्ज होता. सिगारेट? दिवसाला पाच-सहा, ऑफिसच्या गेटाबाहेरच्या टपरीवर. दारू? शुक्रवार-शनिवार. व्यायाम? लिफ्टपर्यंत चालतो. खाणं? सकाळी सॉसेज किंवा सलामी, पटकन होतं म्हणून. रविवारी मटण, उरलं तर सोमवारीही. बसणं? दहा तास. ती शांतपणे लिहीत होती. पोटाभोवती टेप धरून आकडा बघितला आणि तोही लिहिला. दुसऱ्या कुणाचा असता तर हा अर्ज मी ढिगातून वेगळा काढून ठेवला असता.

"वडील?"

"गेले. त्रेपन्नाव्या वर्षी."

"कशाने?"

"अल्सर. अल्सर फुटला."

तिचं पेन थांबलं. "अल्सर कुठला? जठराचा?"

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि घरात अल्सर म्हटलं जायचं म्हणून अल्सर. तिने विचारलं, ऑपरेशन झालं होतं का? झालं होतं. मग तिने जरा जपून विचारलं, "त्यांच्या पोटावर शौचाची पिशवी लावलेली होती का, आठवतं?"

मला आठवत होतं. बाबांच्या सदऱ्याखाली उजवीकडे काहीतरी फुगलेलं असायचं, आणि आई दार लावून त्यांच्याजवळ बराच वेळ बसायची. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "औषधाची पिशवी आहे." सव्वीस वर्षं परक्यांच्या अर्जांवर लाल गोल करणाऱ्या मला त्या पिशवीची एकदाही शंका आली नव्हती. माझ्या वयाची बावन्न वर्षं पूर्ण होत आली होती.

"कॅमेरा घालून आतडं तपासावं लागेल, पुढच्या आठवड्यात," डॉक्टर म्हणाली. "पण तोवर घरात कुणी मोठं माणूस असेल तर नीट विचारून या. मला त्याची फार गरज आहे."

मोठं माणूस एकच उरलंय, गिरगावातली आत्या, बाबांची धाकटी बहीण. पंच्याऐंशी वर्षांची आहे, पण डोकं तल्लख. मी गेलो तेव्हा ती मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सोलायला घेतल्या, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही.

"आत्या, बाबांना नक्की काय झालं होतं?"

"अल्सर. तुला माहीत नाही होय?"

"खरं सांग."

"अरे, खरंच तर सांगतेय. आता इतक्या वर्षांनी कुठे उकरतोस?"

मी हातातली डाळिंबी टाकली आणि जवळजवळ ओरडलो, "आत्या, मला रक्त पडतंय. तीन महिने."

तिचे हात थांबले. बराच वेळ तिने पाण्यात बोटं तशीच बुडवून ठेवली. मग म्हणाली, "आतड्याचा होता. कॅन्सर." तो शब्द तिने इतक्या हळू उच्चारला, जणू ताईला बघायला आलेले पाहुणे अजून बाहेर बसले होते.

मग तिने सगळं सांगितलं. बाबांचं निदान झालं त्याच महिन्यात ताईला बघायला आले होते आणि मुलगी पसंत पडली होती. "कॅन्सरच्या घरातली मुलगी कोणी केली असती रे? तुझ्या आईने देवासमोर आम्हाला शपथ घातली. मुलांनाही सांगायचं नाही, पोरं बोलून जातात."

"आणि काका? ते तर काविळीने गेले ना?"

"कावीळ शेवटी झाली," आत्या म्हणाली. "सुरुवात तिथूनच."

एकाचे दोन झाले होते. मी विचारलं, लग्न झाल्यावर तरी का नाही सांगितलं? ताईचं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली! ती म्हणाली, "मग तिला दिवस राहिले, गेले, पुन्हा राहिले. मग तुझं लग्न निघालं. मग तुझी आई गेली. सांगायचं राहूनच गेलं बघ." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मला तिचा राग यायचा तोही धड येईना. आईचा मात्र आला. गेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे हे कळत नाही.

चर्नी रोड स्टेशनच्या जिन्यावर माझे पाय थांबले. ताई! तिच्याकडे तीन किलो सुरण टाकून मी निवांत बसलो होतो. तिथूनच तिला फोन करायला हवा होता. मी केला नाही. आधी आपलं काय निघतं ते बघू, उगाच तिला कशाला घाबरवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला एका वेळी एकच भीती पेलत होती, आणि ती माझी स्वतःची होती. ह्याची लाज मला अजून वाटते.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते खारट-गोड औषध ग्लासामागून ग्लास प्यायलो आणि आतडं धुऊन निघेपर्यंत संडासाच्या दाराशीच राहिलो. आत दोन गाठी निघाल्या. डॉक्टरने तिथल्या तिथे काढल्या आणि तपासायला पाठवल्या. रिपोर्ट यायला पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी तीन चुकीचे अर्ज पास केले, आणि बायको कुकर लावून शिट्ट्या मोजायला विसरायला लागली.

कॅन्सर नव्हता. "आज नव्हता," डॉक्टरने दुरुस्त केलं. "ह्यातली मोठी गाठ तशीच राहिली असती तर पुढचं मी सांगू शकत नाही." सिगारेट आजपासून बंद, दारू नको, पोट उतरवा, रोज चाला, मटण महिन्यातून एकदा, सॉसेज घरात आणूच नका. मी मान हलवत होतो. मग ती म्हणाली, "हे सगळं तुमच्या हातात आहे. वडील आणि काका तुमच्या हातात नाहीत, म्हणून तीन वर्षांनी परत यायचं. आणि सख्खं भावंड कोण आहे?"

त्याच संध्याकाळी मी ताईला माटुंग्याच्या बागेत बोलावलं. बाकावर बसून एका दमात सगळं सांगितलं, माझ्या गाठींसकट. मला वाटलं ती घाबरेल, माझ्यावर भडकेल. ती समोर फेऱ्या मारणाऱ्या लोकांकडे बघत राहिली.

"माझ्या लग्नात बाबांनी केवढं अत्तर लावलं होतं, आठवतं?" ती म्हणाली. "त्यांना अत्तर आवडायचंच नाही. कन्यादानाला बसले तर मला गुदमरायला झालं होतं. सासूबाई नंतर कितीतरी दिवस चेष्टा करायच्या, तुझे बाबा भारी शौकीन. मी पण हसायचे रे."

मग ती रडली आणि मीही रडलो. बाजूच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं.

तिला त्रास सुरू होऊन वर्ष झालं होतं. हे तिने भाऊबीजेला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तपासणीला ती तयार झाली, पण एका अटीवर: कुणाला सांगायचं नाही. तिच्या मुलीचं जमत आलं होतं, संक्रांतीनंतर बोलणी होती. भावजींना तिने सांगितलं की दोन दिवस माहेरी जाते. आमच्या दादरच्या घरी येऊन तिने ते औषध प्यायलं, आणि बायकोने तिला रात्रभर धीर दिला.

सकाळी हॉस्पिटलमध्ये नर्सने अर्ज दिला. ताईने तो माझ्याकडे सरकवला, म्हणून मीच भरायला घेतला. वय, वजन, त्रास कधीपासून. मग तो रकाना आला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"अल्सर लिही."

"ताई, हे डॉक्टरसाठी आहे."

"कागद कुठे कुठे फिरतात तुला माहीत नाही? उद्या तिच्या सासरी कळलं तर? मला मेलीला काही झालं तर होऊ दे, पण तिचं मोडायला नको."

कागद कुठे फिरतात हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यातले निम्मे माझ्याच टेबलावर येतात. पण ती बोलत होती आणि मला आईचा आवाज ऐकू येत होता, अगदी तोच, दबलेला, ठाम. आईही अशीच कुणाचा तरी हात धरून म्हणाली असेल. मला संताप आला. मी तिचा हात अलगद बाजूला केला आणि लिहिलं: वडील, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, त्रेपन्नाव्या वर्षी. काका, तोच. भाऊ, दोन गाठी, गेल्या महिन्यात काढल्या.

बाबांच्या नावापुढे तो शब्द पहिल्यांदाच लिहिला गेला होता. ताईने चष्मा लावून तीन ओळी वाचल्या. माझ्याकडे न बघता कागद परत दिला. माझ्यावर रागावली आहे असं मला वाटलं.

नर्सने दागिने काढून ठेवायला सांगितले. ताईने बांगड्या काढल्या, मग मंगळसूत्र काढलं आणि रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. चौतीस वर्षांत तिचा गळा मी मोकळा पाहिला नव्हता. ती दारापर्यंत गेली आणि तिथून परत वळली.

"त्या कागदाची एक झेरॉक्स काढून ठेव," ती म्हणाली. "पोरीला द्यायची आहे. लग्नाआधी."

अर्धा तास लागेल म्हणाले होते. मी खाली जाऊन झेरॉक्स काढून आलो, पाऊण तास झाला, तरी दार बंदच होतं. बायको दोनदा म्हणाली, जरा बस. रुमालातलं मंगळसूत्र मुठीत धरून मी उभाच राहिलो.