तलावातला उतार

‘आदर्श’ हा शब्द दिसला की त्याच्या मागे काय लपवलंय ते मी आधी बघतो. करी रोडला आमच्या चाळीच्या जागी दोन इमारती उभ्या राहणार होत्या, एक आमची आणि एक विकायचा टॉवर. दोन्हींच्या मध्ये बिल्डर ‘आदर्श सामुदायिक तरणतलाव’ बांधून देणार होता. ज्या चाळीत सकाळी कुणी एक बादली जास्त भरली म्हणून आठवडाभर अबोला चालायचा, तिथल्या लोकांना आता पोहायला पाणी मिळणार होतं.

आमच्या सूचना ऐकायला बिल्डरने सभा बोलावली. सूचना मागणाऱ्याने बहुतेक वेळा निर्णय घेतलेला असतो. पडद्यावर तलावाचं चित्र होतं. निळं पाणी, छत्र्या, आरामखुर्च्या. चित्रातल्या एकाही माणसाला पोट नव्हतं. बघायला तलाव आमचा आणि पोहायला टॉवरवाल्यांचा, असा मला दाट संशय आला.

तरी मी गेलो, कारण माझा स्वार्थ होता. बायकोचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. दादरच्या एका तलावावर तिला घेऊन गेलो. पाण्यात उतरायला भिंतीला लोखंडी शिडी. उतरली कशीबशी, पण वर येताना गुडघा वळेना. शेवटी दोघा जीवरक्षकांनी काखेत हात घालून तिला वर ओढलं, आणि पाण्यातली सगळी पोहायची थांबून बघत राहिली. घरी आल्यावर ती म्हणाली, “मासळी काढतात जाळ्यातून, तसं काढलं मला.” त्यानंतर तिने तलावाचं नाव काढलं नाही आणि हळूहळू जिना उतरणंही सोडलं; या सभेला तेवढी मी तिला हट्टाने खाली आणली होती. तिला पाण्यात चालत जाता येईल असा कठड्याचा उतार हवा होता, किनाऱ्यावर असतो तसा. पडद्यावरच्या चित्रात चार कोपऱ्यांत चार शिड्या होत्या.

सभेत प्रत्येकाला आपला तलाव हवा होता. आमच्या मजल्यावरच्या मालवणी आजोबांनी विचारलं, “पाणी खारा की गोडा?” गोडं, म्हटल्यावर “मगे काय मजा नाय,” म्हणून ते बसले ते बसलेच. तळमजल्यावरची आंटी म्हणाली, “संडेला चर्चात मिस्साच्या टायमाला आमचा नंबर लावायचा नाय हां, मॅन.” कुणी तलावाभोवती पडदा मागितला, कुणी बायकांची वेगळी वेळ. मग दुसऱ्यांची मुलं पाण्यात काय काय करतील, यावर सर्वांत गंभीर चर्चा झाली. आपल्या मुलांबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मी उताराचं सांगितलं. आर्किटेक्ट तरुण होता आणि भलताच नम्र. नम्र माणसाचं ‘नाही’ उशिरा कळतं.

“सर, रॅम्पला जागा जाते. पोहण्याची लांबी कमी होईल. सीनियर सिटिझन्ससाठी आपण योगा डेक दिलाय ना.”

“योगाला गुडघे लागत नाहीत वाटतं?” मी म्हटलं. लोक हसले आणि मुद्दा तिथेच संपला. बायकोने शर्टाची बाही ओढली. “बसा खाली.”

तेवढ्यात चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले.

“विसर्जनाचं काय?” ते म्हणाले. “घरचे गणपती घेऊन चौपाटीला जायचं म्हणजे किती हाल. एवढा तलाव दारात असताना? पण उतार पाहिजे. बाप्पाला काय शिडीवरून उतरवणार?”

बिल्डरच्या माणसाने मान खाली घातली. लालबागच्या शेजारी राहून गुडघ्यांना नाही म्हणता येतं, बाप्पाला नाही. आर्किटेक्टने मातीने फिल्टर तुंबेल असं सांगून पाहिलं. अध्यक्षांकडे तोड तयार होती. मूर्तीला तलावात तीन बुडक्या द्यायच्या आणि विसर्जन काठावरच्या ड्रममध्ये करायचं. उतार तिथल्या तिथे मंजूर झाला.

“मिळाला बघ,” मी बायकोच्या कानात म्हटलं.

“देवाला मिळाला,” ती म्हणाली.

तलाव पुरा होईपर्यंत मी बांधकामाभोवतीच्या पत्र्यांच्या फटीतून डोकावत राहिलो. कागदावरचा उतार सिमेंटमध्ये येईस्तोवर सपाट होतो, अशी माझी समजूत. पण उतार आला. स्टीलच्या कठड्यासकट आला. आम्ही नव्या घरांत राहायला आलो, सत्यनारायण झाला, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी बायको टॉवेल घेऊन खाली गेली, तर उताराच्या तोंडाशी दोरी बांधलेली आणि तिच्यावर पाटी: ‘बाप्पाचा मार्ग. कृपया पाय ठेवू नये.’

“राग मानू नका वहिनी,” अध्यक्ष म्हणाले. “जिथून देव जाणार, तिथून ओल्या कपड्यांत माणसं? मंडळाचा ठराव आहे.”

टॉवरवाल्यांनी मोडता घातला असता तर भांडायला मजा आली असती. पण तेही पाटीला नमस्कार करून शिडीकडे वळत. मला यात बिल्डरचा हात दिसू लागला. मी भांडायला निघालो, तर बायको म्हणाली, “गप्प बसा जरा.” आणि तीही गप्प बसली, खिडकीत, थेट गणपतीपर्यंत.

आमचा गणपती दीड दिवसाचा. मूर्ती उचलायचं काम कायम माझं. त्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि तिनेच मूर्ती उचलली. “तुमच्या कमरेचा काही भरवसा नाही.” मला संशय आला, पण आरतीनंतर वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

खाली दोरी सोडलेली होती. रांग होती, झांजा होत्या, अध्यक्ष शिट्टी घेऊन उभे होते. वीतभर मूर्ती डाव्या हाताने छातीशी धरून, उजवा हात कठड्यावर ठेवून ती उतारावरून पाण्यात गेली. कमरेएवढ्या पाण्यात तिने मूर्तीला तीन बुडक्या दिल्या आणि ती माझ्या हातात ठेवली.

“ड्रममध्ये सोडा तुम्ही.”

मग पदर खोचून ती पाण्यातून चालू लागली. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. ‘मोरया’चा गजर हळूहळू विरळ झाला.

“वहिनी, पुढचे गणपती थांबलेत!” अध्यक्ष काठावरून ओरडले.

“येऊ द्या की. मी कुणाला अडवलंय?”

तिचं मन भरल्यावर ती वर आली. कुणीही हात दिला नाही, लागलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी पुन्हा बांधलेली. तलावाच्या नियमातला काळा, पायघोळ पोशाख घालून ती आली आणि गाठ सोडू लागली. अध्यक्ष धावत आले.

“वहिनी, बाप्पाचा मार्ग आहे हा.”

“बाप्पा गेले ना? काल तुम्हीच तर पोचवलंत.”

“अजून पाच दिवसांचे आहेत, गौरी-गणपती आहेत, अनंत चतुर्दशी...”

“ते आले की मी बाजूला होईन.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिल्टरकडे पाहिलं. मागून आंटी आली, तिच्याही खांद्यावर टॉवेल.

“मला पण गुडघे आहेत, मॅन. रोप सोड.”

अध्यक्षांनी पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच दोरी हाताने वर उचलून धरली.

“चपला तरी काढा,” ते म्हणाले.

दोघींनी काढल्या.