वीतभर आत

मामा हरलेली मॅच सांगायला बसले, की आधी टेबल मोकळं करायचे. कप बाजूला, लॅपटॉप जमिनीवर आणि मामींनी हौसेने आणलेली ट्युलिपची फुलदाणी थेट बाथरूममध्ये. मग मिठाची आणि मिरपुडीची बाटली दोन हातांच्या अंतराने उभी करायची. हे झाले गोलपोस्ट. दोन्ही तळवे टेबलावर टेकवून, समोर बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवून ते म्हणायचे, "पयलं एक ध्यानात घ्या. आपण हरलो न्हाई. येळ संपली."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. जिंकल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. हरल्याची गोष्ट सांगून ऐकणाऱ्याची कॉलर ताठ करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. मामींच्या माहेरचे लोकही त्यांना मामाच म्हणत, म्हणजे बघा.

मामा आर्नहेमच्या एका वीज कंपनीत इंजिनियर होते. अर्ध्या नेदरलँड्सचे दिवे आपल्या अंगठ्याखाली आहेत, असं ते सांगत आणि आम्ही मान डोलवत असू. मी हूफडॉर्पला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. आमचं नातं एवढंच, की आम्ही दोघंही कोल्हापूरच्या एकाच कॉलेजचे, मी त्यांच्यानंतर बारा वर्षांनी. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलपायी ठरलेल्या सोयरिका मोडतात. तिथे आमच्या कॉलेजची टीम दर वर्षी फायनलला जायची आणि दर वर्षी हरायची. मामा खेळाडू नव्हते. ते पाठीराखे होते, आणि हा शब्दसुद्धा त्यांच्यासाठी तोकडा आहे.

एका फायनलला आमच्या बॅकने एकामागून एक पाच जणांना चकवलं आणि शेवटी आपल्याच गोलमध्ये चेंडू मारला. तो गोल इतका देखणा होता, की समोरच्या टीमने त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या एका फायनलला पेनल्टी मारताना आमच्या कॅप्टनचा बूट निघाला. बूट गोलमध्ये गेला आणि चेंडू जागेवरच राहिला. "बूट कुठल्या कोपऱ्यात गेला बघा की," मामा म्हणायचे. "कीपर हालला पन न्हाई!"

लॉकडाऊन लागला, घरी तीनच पाहुणे येऊ शकतील असा नियम आला आणि टेबलाभोवतीची बैठक बंद पडली. आमच्या कॉलेजचे आम्ही सात जण या देशात पाच गावांत विखुरलेले. मामांनी फर्मान काढलं, दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल, दर रविवारी एक पराभव. सांगतो तुम्हाला, त्या वर्षात बाकी जग दारं बंद करून चिंतेत बसलं होतं आणि आम्ही सात जण सोमवारपासून रविवारची वाट बघत होतो. पुढे इथे मैदानावर सत्तावीस वर्षांखालच्यांनाच टीम करून खेळायची परवानगी होती. मामा म्हणाले, "आपल्या पराभवांना वयाची अट न्हाई."

पण एक पराभव सांगताना मामा विनोद करत नसत. त्या फायनलमध्ये आम्ही सांगलीच्या कॉलेजविरुद्ध एक गोलने मागे होतो. शेवटचं मिनिट. मामांचा जिवलग दोस्त शिवा आमचा फॉरवर्ड. त्याने हवेत उडी घेऊन हेडर मारला, सांगलीचा गोलकीपर चेंडूवर पालथा पडला, रेफरी धावत आला, पांढऱ्या रेषेकडे बघितलं आणि मान हलवली. गोल नाही. खरं तर तो गोल झाला असता तरी नुसती बरोबरी झाली असती. पण हे मामांसमोर बोलायची कुणाची टाप?

"हातभर आत हुता चेंडू," मामा सांगायचे. दर वर्षी तो थोडा आणखी आत जायचा.

गंमत करतोय खरा, पण शिवाची गंमत झाली नाही. वीतभर अंतरावरून चुकला, म्हणून त्याला कॉलेजने चिडवलं, मग पेठेने चिडवलं, मग त्याच्या लग्नात वाजंत्रीवाल्यानेही चिडवलं. त्याने बूट काढून ठेवले ते कायमचे. पुढे मोटारसायकलच्या पार्टचं दुकान टाकलं. तीस वर्षं झाली, पण फुटबॉलचा विषय निघाला की तो दुकानाच्या आतल्या खोलीत जातो. मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तो गोल होता, हे त्या सांगलीच्या गोलकीपरने एकदा शिवाला स्वतःच्या तोंडाने सांगावं. पण गोलकीपर कुठे होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या साली इथल्या मराठी लोकांचा गणपतीही ऑनलाइन बसला. सांस्कृतिक कार्यक्रमात कुणी गाणं म्हटलं, कुणाच्या मुलीने डच उच्चारात अथर्वशीर्ष म्हटलं आणि मग मामांची पाळी आली. मामांनी त्याच फायनलची गोष्ट लावली. दीडशे चौकोनांत दीडशे चेहरे. शिवाने उडी घेतली, गोलकीपर पडला, आणि तेवढ्यात एका चौकोनाचा आवाज सुरू झाला.

"एक मिनिट," चष्मा लावलेले, केस पिकलेले एक गृहस्थ म्हणाले. "हातभर वगैरे काही नव्हता."

"तुमी कोन सांगनार?" मामा.

"तो गोलकीपर मी आहे."

दीडशे चेहरे एकदम पडद्याजवळ आले. एका स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बंद करायला कुणी उठलं नाही. ते गृहस्थ एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करणारे डॉक्टर निघाले, म्हणजे औषधवाले नव्हेत, पीएचडीवाले. मामांच्या घरापासून ट्रेनने दीड तासावर! तीस वर्षं मामा ज्याला सांगली जिल्ह्यात शोधत होते तो माणूस त्यांच्याच विजेवर चहा उकळत होता.

"मग सांगा की," मामा खुर्चीतून उठत म्हणाले. "गोल हुता का न्हवता?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्याविषयी मला काही बोलायचं नाही," म्हणाले आणि त्यांचा चौकोन विझला.

पुढचे सात-आठ महिने मामांनी त्यांना किती मेल पाठवल्या असतील? मी हजार सांगेन, तुम्ही चाळीस धरा. उत्तर एकाचंही नाही. मग एप्रिल आला, तिकडची ती भयंकर लाट आली आणि शिवाला कोरोना झाला. हॉस्पिटलात खाट नाही, म्हणून घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. इकडून विमानं बंद. त्या रविवारी मामांनी पराभव सांगितला नाही. डॉक्टरांना त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, त्या आम्हाला वाचून दाखवल्या: "शिवा आजारी आहे. तुम्ही बोलवाल तिथे येतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रविवारी अकरा वाजता, विद्यापीठाच्या मागचं मैदान.

आता नियम असा, की बाहेर दोनापेक्षा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही. मामा आणि डॉक्टर हे दोन झाले. आम्ही उरलेले सहा जण म्हणजे तीन जोड्या. मैदानाच्या कडेच्या सायकलमार्गावर चाळीस-चाळीस पावलांवर आम्ही उभे राहिलो, एकमेकांना ओळखतच नाही असे चेहरे करून. फक्त सहाही जणांच्या गळ्यात कॉलेजच्या रंगाचे एकसारखे पिवळे-निळे मफलर. सगळे एकाच व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे मामांचा प्रत्येक शब्द आधी वाऱ्यावरून आणि मग फोनमधून, असा दोनदा ऐकू येत होता. मामांना तसं एकदाही ऐकलं तरी पुरे होतं.

मामांनी दोन सायकली उभ्या करून गोल केला. एका सायकलच्या कॅरिअरला फोन बांधला. फोनमध्ये शिवा. नाकात नळी, उशीला टेकलेला. तिकडे फोन धरलेल्या शिवाच्या बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "भावजी, त्यांना जास्त बोलाय लावू नका हं."

"वैनी, आज त्यानं नुसतं ऐकायचं," मामा म्हणाले आणि पिशवीतून गव्हाचं पीठ काढून त्यांनी गोलची रेषा मारली. आपल्याकडे मैदानावर फक्की मारतात तशी, सरळ, ठसठशीत.

इथेच एक चूक झाली. हॉलंडच्या हिरवळीवर पीठ टाकणं म्हणजे काय, हे मामांना वीस वर्षं इथे राहूनही कळलं नव्हतं. कालव्यातून आधी दोन हंस आले, मग आठ, मग माझ्या हिशेबाने साडेतीनशे. मामा डॉक्टरांना विचारतायत, "तुमी कुठं पडला हुता? हितं का हितं?" आणि हंस रेषा खातायत. मामा हाकलतायत, नवं पीठ टाकतायत, ती रेषा जरा मागे पडतेय, हंस ती पण खातायत.

"थांबा!" मामा ओरडले. "रेषा हलाय लागली!"

डॉक्टर आतापर्यंत खिशात हात घालून उभे होते. ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि डोळे पुसले. मग दीड मीटरवरून फोनकडे बघत म्हणाले, "शिवाजीराव, त्या दिवशीही हलली होती."

आम्ही सहा जण दोनदा ऐकत होतो, दोन्हीदा तेच ऐकू आलं.

"हाफ टाइमला मी माझ्या नव्या बाजूला लवकर गेलो," डॉक्टर सांगू लागले. "गोलपोस्टच्या मागे फक्कीचा डबा कुणीतरी तसाच ठेवलेला होता. मी बुटाने जुनी रेषा पुसली आणि नवी मारली, एक वीत मागे. तुमचा चेंडू खऱ्या रेषेच्या पूर्ण आत होता. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि तुम्ही उडी घेतली की मला भीती वाटायची. गोल झाला होता."

वाटलं होतं, आता मामा मैदानभर धावतील. पण त्यांनी पिठाची पिशवी गुंडाळून काखेत मारली. मग फोनसमोर जाऊन बसले.

"शिवा," ते म्हणाले, "डबा माझ्या ताब्यात हुता लेका. त्या दिवशी फक्की मीच मारलीती. हाफ टाइमला डबा तितंच टाकून मी गेलो." इतकी वर्षं हरल्याच्या गोष्टी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगणाऱ्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच आम्हाला फक्त फोनमधून ऐकू आला. वाऱ्यावरून काहीच आलं नाही.

शिवाने नाकातली नळी सारखी केली. वहिनी नको नको म्हणत होत्या, तरी बोललाच. "मला म्हाईत हाय की. भडंग आनाय गेलतास. माझ्यासाठीच. मला भूक लागलीती."

"मग तीस वर्षं बोलला का न्हाईस?"

"तू रडला असतास," शिवा म्हणाला. दम घेतला. "ते सोड. गोल झालता न्हवं? डॉक्टरला परत एकदा म्हनाय सांग. मोठ्यानं. वरच्या आळीपातूर ऐकू जाऊ दे."

डॉक्टर उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून असे काही ओरडले, की साडेतीनशे हंस एकदम उडाले. आम्ही सहा जणांनी शिट्ट्या मारल्या, मफलर फिरवले. वहिनींनी तिकडे खिडकी उघडून गल्लीत आरोळी ठोकली. मामा आणि डॉक्टर दीड मीटर अंतर राखून नाचले. तसा नाच तुम्ही पाहिला नसेल, दोघांच्या मध्ये जणू एक तिसरा माणूस नाचतोय.

एवढा गलका ऐकून खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, गणवेशातला माणूस सायकलवरून आला. एकाच रंगाच्या मफलरांच्या तीन जोड्या आणि म्हणे एकमेकांना ओळखत नाहीत? आमच्यातल्या एकाने मोडक्या डचमध्ये खरं सांगून टाकलं, की तीस वर्षांपूर्वीचा एक गोल आत्ता मान्य झाला. तो विचारात पडला. गोलरेषेचं दुःख या देशालाही नवं नाही. "पूर्ण आत होता?" त्याने विचारलं. आम्ही बोटांनी वीत दाखवली. त्याने घड्याळ बघितलं, म्हणाला, दहा मिनिटं जल्लोष करा, पण दोघादोघांनी. आणि अंतर ठेवून.

शिवा वाचला. महिन्याभराने मशीन परत गेलं. मशीनने वाचवलं की गोलने, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. विमानं सुरू झाली तशी मामांनी नोकरी सोडली आणि मामींसह कोल्हापूरला गेले. नेदरलँड्सचे दिवे त्यांच्यावाचून अजून कसे लागतात, मला कळत नाही.

रविवारी अकराला कॉल होतो. मामांच्या चौकोनात आता डॉक्टर असतात. ते सांगलीचे पराभव सांगतात, आकडेवारीनिशी, आणि आम्ही जांभया दाबतो.

मागच्या आठवड्यात मामांनी एक व्हिडिओ पाठवला. कॉलेजचं मैदान, उन्हाची वेळ. शिवा, निम्मा झालेला, पायांत नवेकोरे बूट, रिकाम्या गोलसमोर पाच पावलांवर उभा. पाठीमागे वहिनी, हातात पाण्याची बाटली. शिवा दोन पावलं मागे गेला, धापा टाकत पुढे आला आणि त्याने चेंडू मारला. चेंडू पोस्टच्या बाहेरून, चांगला हातभर बाहेरून गेला. मी चार वेळा थांबवून थांबवून बघितलंय. मामा त्यात कुठेच दिसत नाहीत, फोन त्यांच्याच हातात आहे. पण चेंडू अजून हवेत असतानाच चित्र गदागदा हलायला लागतं, मैदान आडवं होतं, आभाळ खाली येतं, आणि पडद्यामागून छाती फुटेस्तोवर आरोळी ऐकू येते, "गोऽऽऽल!"