दसऱ्याचे तेल

देवाला नावे ठेवणारा मी कधीच नव्हतो, पण त्याच्या वाटेलाही फारसा जात नसे. सेलूच्या शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी सायकल पुसायची आणि रविवारी ती बोरच्या जंगलात न्यायची, एवढाच माझा नेम. हिंगणीवरून बोरधरण, तिथून वनखात्याचा नाका ओलांडून जंगलातला चढ, माथ्यावरून पलीकडचा लांब उतार आणि खाली नाल्याकाठचे छोटे गाव. या रस्त्याचे प्रत्येक वळण मला पाठ होते. पायडल कुठे सोडायचे, ब्रेक कुठे हलका दाबायचा, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचो आणि त्याचा मला थोडा गर्व होता. थोडा असे मी म्हणतो, घरच्यांचे मत वेगळे आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पत्नीच्या छातीत पाणी झाले. औषध बरेच महिने चालले. दर महिन्याला मी सायकलीने सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन तिच्या गोळ्या आणत असे. हाताची नुसती काडी झालेली ती बाई अंथरुणावरून नाल्यापलीकडच्या टेकडीतल्या महादेवाला हात जोडायची. ते तिच्या माहेरचे दैवत. बरी झाले की दसरा झाल्यावर दर्शनाला येईन, असे तिने कबूल केले होते. ती बरी झाली. मी म्हणालो, "गोळ्यांनी बरी झालीस." ती म्हणाली, "गोळ्या मीच खाल्ल्या जी. पण त्या पोटात ठरल्या कोनाच्या कृपेनं?" गणिताच्या मास्तरला हा हिशेब पटला नाही, म्हणून मी चिडलो.

त्याच सुमारास माझे आणखी एक भांडण चालू होते. सोयाबीन सोंगले, म्हणजे कापले, की काही शेतकरी ती वाळलेली झाडे डांबरी रस्त्यावर पसरतात. वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटतात, मळणीचा त्रास वाचतो. सायकलवाल्याचे मात्र हाल होतात, दाण्यांवरून चाक सरकते. नाल्याकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या शेतासमोरच्या सपाट रस्त्यावर असा थर टाकला होता. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी तिथे घसरता घसरता वाचलो आणि त्याच्यावर तोंडसुख घेतले. तो शांतपणे म्हणाला, "खळं कुठून आनू मास्तर? दोन गाड्या गेल्या का दाने आपोआप निघतेत." मी म्हणालो, "मग दुसरीकडे टाका. इथून उचला." तो बरं म्हणाला. त्याचे बरं म्हणणेही मला उद्धटपणाचेच वाटले.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, तशी माझी सायकल. त्या वर्षी पूजा पत्नीने केली. किती दिवसांनी ती अंगणात उभी राहिली होती. मी आपट्याची पाने आणायला गेलो होतो. परत आलो तर सायकल नवरीसारखी सजलेली, हँडलला झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू आणि सगळे लोखंड चकचकीत. "हिनं माह्या गोळ्या आनल्या," एवढेच ती म्हणाली. मला भरून आले. ते तिला दाखवायला नको म्हणून मी चेन तपासायला खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तिच्यात अजून पुरती ताकद नव्हती, म्हणून बसने जायचे ठरले होते. त्या गावाला सकाळची एकच बस. तास गेला, दीड तास गेला, बस आलीच नाही. मी मनातल्या मनात बसला शिव्या घातल्या आणि घरी जाऊन सायकल काढली. ती जरा बिचकली. मी फुशारकीने म्हणालो, "देवावर ठेवतेस तेवढा भरवसा माझ्या ब्रेकवर ठेव." हे वाक्य आजही आठवले की कान गरम होतात.

हिंगणीपाशी ब्रेक मऊ लागतो आहे असे एकदा वाटले होते. दहिवर पडले असेल, रबर झिजले असेल, अशी समजूत मी घालून घेतली. सपाट रस्त्यावर मागे माणूस बसलेला असताना सायकल आपसूकच हळू होते, त्यामुळे कळले नाही. नाक्यावरचा वनरक्षक ओळखीचा होता. "आज बाईले घेऊन? सावकाश जाजो मास्तर, काल वाघ रस्ता वलांडून गेला," तो म्हणाला. चढावर आम्ही दोघे उतरून पायी चाललो. सागाच्या मोठाल्या पानांतून ऊन गळत होते, कोळ्यांची जाळी दवाने पांढरी झाली होती, आणि ओल्या मातीत पंजाचा एक ठसा इतका ताजा होता की त्यात अजून पाणी भरत होते. पत्नी तिथे उभी राहिली आणि तिने त्या ठशालाही हात जोडले. त्या रस्त्याने मी शंभरदा गेलो असेन, पण जंगल एवढे मोठे आहे आणि आपण त्यात एवढेसे आहोत, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

माथ्यावर ती पुन्हा कॅरिअरवर बसली. उताराच्या पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला आणि काहीच झाले नाही. दोन्ही दाबले. रबर चाकाच्या रिमवर नुसते घसरत राहिले, आवाजसुद्धा नाही. सायकल मोकळी सुटली. मी चपला रस्त्यावर घासल्या, एक तुटून गेली. या उताराच्या शेवटी काय आहे ते मला नीट माहीत होते. तिथे नाल्यावरचा अरुंद, कठडा नसलेला पूल होता, आणि त्याच्या अलीकडे काटकोनातले वळण. एवढ्या वेगात ते वळण घेता येणार नाही, हा हिशेब माझ्या डोक्याने क्षणात मांडला. मागे तिने माझा सदरा दोन्ही मुठींनी धरला होता. एवढ्या महिन्यांच्या दुखण्यातून वाचलेली बाई मी माझ्या हाताने नाल्यात टाकायला निघालो होतो. तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "महादेवा, हिला सांभाळ." ते मीच बोललो होतो.

शेवटचा झुकाव आला, पूल दिसला, आणि वळणाच्याही अलीकडे रस्ताभर मांडीएवढा उंच, पिवळसर थर दिसला. सोंगलेले सोयाबीन. पुढचे चाक त्यात घुसले, सायकल जड झाली, रुतली, आणि आम्ही दोघे त्या वाळलेल्या ढिगावर कोसळलो. शेंगा अंगाखाली तडतडत होत्या. वर आभाळ होते, आणि पलीकडे नाल्याचे पाणी खळखळत होते. मी तिचे नाव घ्यायला घाबरत होतो. तीच म्हणाली, "अहो, उठा. लोकाचं पीक आहे खाली."

तेवढ्यात तो म्हातारा शेतकरी धावत आला. "बाईले लागलं का? काऊन एवढ्या जोरात येऊन राह्यले होते?" मी एवढेच विचारले, "हे इथे कसे?" तो ओशाळून म्हणाला, "तुमीच तं म्हटलं होतं मास्तर, शेतासमोरून उचल. मंग आज सकाळी इथं पुलापाशी आनलं, इथं गाड्या हळू होतेत." त्याने थरावर पाय देऊन पाहिला. "आन् आज बसच आली नाई. आली असती तं सारं चपटं झालं असतं." ज्या दोन गोष्टींना मी त्या आठवड्यात पोटभर शिव्या दिल्या होत्या, त्या दोन्ही तिथे आमच्यासाठी अंथरून ठेवलेल्या होत्या. यात चमत्कार होता असे मी म्हणत नाही. मला एवढेच माहीत आहे की त्या क्षणी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडण्यावाचून मला दुसरे काही सुचले नाही, आणि तो बिचारा मागे मागे सरकत होता.

त्याच्या ओट्यावर आम्ही पाणी प्यायलो. पत्नीच्या कोपराला खरचटले होते, बाकी काही नाही. मी सायकल उलटी करून चाकावरून बोट फिरवले. बोट तेलाने माखले. रिमच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रेकचे रबर धरते तिथेच, तिळाच्या तेलाचा हात फिरला होता. लोखंड चकचकीत दिसावे म्हणून तिने आदल्या दिवशी मोठ्या प्रेमाने चोळले होते. मी काही बोलणार, तेवढ्यात ओट्यावर ती म्हाताऱ्याच्या बायकोला सांगत असलेले ऐकू आले, "कालच सायकलीची पूजा केली होती मावशी. म्हनून वाचलो." मी ते बोट हळूच धोतराच्या काठाला पुसले. जन्मात पहिल्यांदा मी बरोबर असूनही गप्प बसलो.

म्हाताऱ्याने बैलांची बंडी जुंपली आणि आम्हाला टेकडीपर्यंत पोचवले. कपारीतल्या त्या काळ्या पिंडीवर वरच्या खडकातून पाणी थेंब थेंब पडत होते, कोण जाणे किती काळापासून. मी डोके टेकवले, आणि ते वर उचलायला मला बराच वेळ लागला. काय मागितले ते आठवत नाही. बहुधा काही मागितलेच नाही.

त्यानंतर दर दसऱ्याला ती सायकलीला तेल लावायची आणि मी लावू द्यायचो. ती स्वयंपाकाला आत गेली की मी घासलेटचा बोळा आणि चुलीतली राख घेऊन रिम पुसून काढायचो आणि हात रुमालाला पुसायचो. दहा-बारा वर्षे हे असेच चालले. सायकल बदलली, बोरचा रस्ता रुंद झाला, माझे केस पिकले. माझ्या चोरीबद्दल मी मनातून समाधानी होतो. तिची श्रद्धा दुखावली नाही आणि ब्रेकही धरत होते.

मग एका दसऱ्याला मी आपट्याची पाने घेऊन आलो, तर अंगणात पूजेचे ताट मांडलेले होते. हळद, कुंकू, झेंडू, तेलाची वाटी. आणि त्याच ताटात, वाटीच्या शेजारी, घासलेटची लहान बाटली आणि घडी केलेले स्वच्छ फडके. त्यावरही हळदकुंकवाची बोटे ओढलेली. मी तिच्याकडे पाहिले. ती वातीला तेल लावत म्हणाली, "तुमच्या रुमालाले दर दसऱ्याले घासलेटचा वास येते. रुमाल मीच धुते ना."

मी खाली बसलो. तिने तेल लावले, मी पुसले. हातात हात असल्यासारखे ते काम आम्ही केले. इतकी वर्षे मला वाटत होते की मी तिला सांभाळतो आहे. आता दर दसऱ्याला सायकलीपुढे हात जोडताना एवढेच म्हणतो, महादेवा, आम्हाला कोण, कुठून आणि कोणाच्या हातून सांभाळते आहे, ते आम्हाला कळत नाही. कळले नाही तरी चालेल, फक्त हात जोडण्याएवढे भान राहू दे.