बाबांच्या झूमध्ये एक गेंडा कमी

किस्से जमवायला कपाट लागत नाही. चहाचा ट्रे धरून गप्प उभं राहिलं की ते आपोआप साठतात.

दर रविवारी नवीन जालन्यातल्या आमच्या घरी तिघं बसतात: माझे बाबा, कापडदुकानवाले सलीमचाचा आणि रिटायर्ड कांबळे सर. तिघंही जुनी खेळणी जमवतात. तीही फक्त झूमधल्या प्राण्यांची. बाबांच्या संचात एक गेंडा कमी आहे. तो मिळाला नाही तर जन्म फुकट, असं ते जेवताना सांगतात. आई भाजी वाढत राहते.

एकदा आईने सगळे प्राणी साबणाच्या पाण्यात धुतले. सलीमचाचा मटकन खाली बसले. "भाभी, चाळीस सालाची धूळ होती ती!"

आई म्हणाली, "मंग सांगायचं न्हाई का? घरातली दिली असती भरून!"

यांचा एक नियम आहे. प्राण्यावर लेकराच्या दातांचे व्रण असले, तरच माल अस्सल. कांबळे सरांनी असा एक उंट आणला. भिंग फिरलं, माना डोलल्या. "बराबर! बिलकुल जुना!"

तेवढ्यात सरांच्या सुनेचा फोन आला, स्पीकरवर. "पप्पा, मोत्याच्या तोंडातला उंट तुम्ही नेला का? कवाचा भुंकून राह्यलाय!"

पालकसभेत बाईंनी बाबांना विचारलं, "मुलगी कितवीत?" बाबा म्हणाले, "नववीत." मी दहावीत आहे.

घरी आई म्हणाली, "कसं लक्षात राहील? तिच्यावर दातांचे व्रण न्हाईत ना!"

शेवटी गेंडा सापडला. जाफराबादला, सलीमचाचांच्या बहिणीकडे. आम्ही सगळे गेलो. गेंडा त्यांच्या चार वर्षांच्या नातीच्या, झोयाच्या मुठीत होता. बाबांनी बाहुली देऊ केली, चॉकलेट देऊ केलं.

झोया म्हणाली, "देते. पण हा ओरडतो कसा?"

तिघांना गेंड्याचा साचा, रंग, कारखाना, सगळं पाठ! आवाज कुणालाच माहीत नाही. बाबांनी मोबाइल काढला.

"मोबाइल नक्को. तोंडानं!"

बाबा हंबरले. "ही तर म्हैस!"

सलीमचाचा गुरगुरले. "ये तो बिल्ली!"

कांबळे सर विचार करून म्हणाले, "बेटा, तो शांत प्राणी आहे."

"झूठ!" झोयाने गेंडा फ्रॉकच्या खिशात टाकला.

परतताना भाड्याच्या जीपमध्ये इतर प्रवाशांबरोबर दाटीवाटीनं बसलो. टेंभुर्णीजवळ कांबळे सरांनी अचानक नाकातून एक लांबलचक आवाज काढला. शेजारची बाई पिशवीसकट सरकली.

बाबा ताडकन उठले. डोकं टपाला आपटलं, तरी ओरडले, "ड्रायव्हर, गाडी मागं घे!"